नावेची कंपनी बदलताय? आधी मागची फळी मोजा

गोसेखुर्द किंवा इटियाडोह धरणाच्या पाण्यासाठी दुसऱ्या कंपनीची फायबर नाव घेऊन तिला जुनेच आउटबोर्ड इंजिन लावायचे असेल, तर आधी इंजिन जिच्यावर अडकवतात त्या मागच्या फळीची उंची टेपने मोजा. शॉर्ट शाफ्टला, म्हणजे आखूड दांड्याच्या इंजिनाला, साधारण 15 इंच लागते, लाँग शाफ्टला 20. पंख्याच्या वरची आडवी पट्टी नावेच्या तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली बसली पाहिजे. वर राहिली तर पंखा हवा ओढतो. इंजिन नुसते ओरडते, नाव काही सरकत नाही. फार खाली गेली तर पेट्रोल जास्त जाते आणि उथळात पंखा बुडालेल्या झाडांच्या खुंटांवर आपटतो.

इंजिनाचीही कंपनी बदलली तर पेट्रोलच्या नळीचे कनेक्टर बहुतेक वेगळे निघते, ते सोबतच मागून घ्या. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्ये मिसळायचे ऑइल पुस्तिकेप्रमाणेच. 50:1 म्हणजे लिटरमागे 20 मिली.

पैसे देण्याआधी तेच मॉडेल वापरणारे दोघे-तिघे मच्छीमार संस्थेत गाठा. ‘चांगली आहे का?’ असे विचारू नका, सगळे हो म्हणतात. इम्पेलर (इंजिन थंड ठेवायला पाणी ओढणारी रबरी चकती) कुठे मिळतो, यायला किती दिवस लागतात, जलपर्णीत इंजिनातून बाहेर पडणारी कूलिंगच्या पाण्याची धार बंद पडते का, हे विचारा.