जुन्या स्लाइड फिल्म धुताना या चुका टाळा

बंद पडलेल्या स्लाइड फिल्मचा (निगेटिव्हऐवजी थेट सुलट रंगीत चित्र देणाऱ्या फिल्मचा) एखादा न धुतलेला रोल सापडला की बहुतेक नवशिके सर्वांत आधी रसायने मागवतात आणि डबीवर काय छापले आहे ते सर्वांत शेवटी वाचतात. डबीवर प्रक्रियेचे नाव असते, के-१४, ई-४ किंवा ई-६, आणि पुढचे सगळे त्या दोन-तीन अक्षरांवर अवलंबून असते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे कोडाक्रोम, म्हणजे कोडॅकची के-१४ ची स्लाइड फिल्म, ई-६ मध्ये घालणे. ही चूक मी स्वतः केलेली आहे. १९३५ साली बाजारात आलेल्या या फिल्मच्या थरांमध्ये रंग घडवणारे कपलर मुळातच नसतात. ते के-१४ प्रक्रियेत तीन वेगवेगळ्या डेव्हलपरमधून (चित्र उमटवणाऱ्या द्रावणांमधून) बाहेरून दिले जात. पहिल्या डेव्हलपरनंतर मागून लाल प्रकाश टाकून सायन रंग, मग समोरून निळा प्रकाश टाकून पिवळा, आणि शेवटी उरलेल्या थरात रासायनिक धुके आणून (प्रकाशाचे काम रसायनाकडून करवून) मॅजेन्टा, असा तो क्रम होता. ई-६ चा डेव्हलपर मात्र कपलर फिल्ममध्येच आहेत असे धरून चालतो. एका मित्राने त्याच्या वडिलांचा रोल विश्वासाने माझ्याकडे दिला होता आणि मी ‘स्लाइड ती स्लाइड’ असे म्हणून तो ई-६ च्या रसायनांत घातला. टाकी उघडली तेव्हा हातात काचेसारखी स्वच्छ पट्टी आली. तिच्यावर पाठीमागच्या काळ्या रेमजेट थराचे चार डाग होते, एवढेच काय ते चित्र. रंग तयार झाला नव्हता आणि चित्र धरून ठेवणारी फिल्ममधली चांदी ब्लीच व फिक्सरने धुऊन नेली होती, त्यामुळे वाचवण्यासारखे काहीही उरले नव्हते. मित्राला काय सांगावे, हे ठरवायला मला आठवडा लागला.

के-१४ करणाऱ्या शेवटच्या प्रयोगशाळेने, अमेरिकेतील कॅन्सस राज्यातील ड्वेन्स फोटोने, २०१० च्या अखेरीस रोल घेणे थांबवले. तेव्हापासून मी कोडाक्रोम फक्त कृष्णधवल निगेटिव्ह म्हणूनच धुतो: अंधारात वीतभर तुकडा कापून आधी चाचणी घ्यायची, २० अंशांच्या साध्या डेव्हलपरमध्ये उरलेला रोल धुवायचा आणि रेमजेट बोरॅक्सच्या द्रावणात मऊ करून स्पंजने पुसायचा. निगेटिव्ह तपकिरी-पिवळी आणि दाट दिसते, कारण या फिल्मचा पिवळा गाळणीथरही चांदीच्या सूक्ष्म कणांचाच असतो. तो डाग घालवायला ब्लीच वापरण्याचा मोह अनेकांना होतो. ब्लीच गाळणीथराची चांदी आणि चित्राची चांदी असा भेद करत नाही. दाट निगेटिव्ह तशीच स्कॅन करावी.

दुसरी चूक तापमानाची. ई-४ च्या काळातील एक्टाक्रोममध्ये (कोडॅकच्याच दुसऱ्या स्लाइड फिल्ममध्ये) कपलर असतात, म्हणून लोक ती निर्धास्तपणे ई-६ च्या ३८ अंशांत टाकतात. पण तिचे जिलेटिन मऊ असते. ई-४ प्रक्रिया सुमारे २९.५ अंशांवर चाले, आणि तीही फॉर्मल्डिहाइडयुक्त हार्डनरमध्ये फिल्म आधी घट्ट करून. हार्डनर वगळला तर इमल्शन, म्हणजे चित्राचा जिलेटिनचा थर, आधी सुरकुततो आणि मग सालीसारखा सुटून टाकीच्या तळाशी जमतो. ‘लवकर होते’ म्हणून तापमान वाढवणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही. ई-४ चे रंग-डेव्हलपर घरी बनवण्याच्या फंदातही पडू नये, कारण त्यातला धुके आणणारा घटक, टर्शरी-ब्युटिलअमाइन बोरेन, विषारी आहे.

बाकीच्या चुका थोडक्यात. उघडून ठेवलेला, तपकिरी पडलेला डेव्हलपर ‘अजून चालेल’ म्हणून वापरू नये. ई-६ च्या पहिल्या डेव्हलपरचे तापमान हाताने अजमावू नये, तिथे अर्धा अंशही दिसतो. रेमजेट असलेला रोल दुसऱ्या रोलबरोबर एकाच टाकीत घालू नये.

आणि जुन्या ई-६ रोलमधले काळे भाग धुरकट, फिके आले तर पुढच्या वेळी पहिल्या डेव्हलपरचा वेळ वाढवू नये. स्लाइडमध्ये पहिला डेव्हलपर जितकी चांदी घडवतो, तितकी रंगासाठी कमी उरते. वयाने धुकटलेली फिल्म आधीच तो साठा खर्च करून बसलेली असते. अशा रोलला मी वेळ थोडा कमीच देतो आणि उरलेले स्कॅनवर सोडतो.