रात्रीचा टेप बॅकअप फेल झाला, तर सकाळी काय तपासायचं

कोल्हापुरात शिरोलीतल्या फाउंड्रीत असो की गुजरीतल्या सराफ पेढीवर, सर्व्हरवर ‘जॉब फेल्ड’ (ठरलेला बॅकअप पूर्ण झाला नाही) दिसलं की बहुतेक जण लगेच टेप ड्राइव्हमध्ये क्लीनिंग कार्ट्रिज, म्हणजे ड्राइव्ह साफ करायची टेप, घालतात. ती घाई करू नका. क्लीनिंगची टेप हेडवर (टेप वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या भागावर) घासूनच काम करते, त्यामुळे गरज नसताना वापरली तर हेडच झिजतं. आणि फेल झालेली टेप तर लगेच इरेज करू नकाच; काल रात्रीचं नसलं तरी त्याआधीचं सगळं तिच्यावर शाबूत असू शकतं.

आधी लॉग उघडा आणि जॉब किती वाजता सुरू झाला, किती वाजता पडला ते बघा. तपास कुठल्या दिशेने न्यायचा हे त्या वेळेवरूनच कळतं.

पहिल्या मिनिट-दोन मिनिटांत पडला असेल, किंवा सुरूच न होता अडकून राहिला असेल, तर टेपवर बहुधा काहीच लिहिलं गेलेलं नसतं. कार्ट्रिजचं राइट-प्रोटेक्टचं बटण सरकलंय का बघा. बॅकअपची सर्व्हिस ज्या लॉगिनवर चालते त्याचा पासवर्ड कुणी बदलला का विचारा. असं फार ठिकाणी होतं. मग टेपची मुदत बघा. सॉफ्टवेअरमध्ये ‘चार आठवडे ओव्हरराइट नको’ अशी सेटिंग असेल आणि तुम्ही मागच्याच आठवड्याची टेप घातली असेल, तर सॉफ्टवेअर नवी टेप मागत रात्रभर थांबतं. ड्राइव्ह आणि टेप यांची पिढीही जुळायला हवी; एलटीओ या टेपच्या प्रकारात पुढचा आकडा म्हणजे पिढी. एलटीओ-७ पर्यंतचा ड्राइव्ह एक पिढी मागच्या टेपवर लिहितो आणि दोन पिढ्या मागची वाचतो. एलटीओ-८ ला मात्र एलटीओ-६ ची टेप वाचताही येत नाही. ड्राइव्ह बदलताना हे बघितलं नाही, तर कपाटातल्या जुन्या टेपा वाचायला ड्राइव्हच उरत नाही.

एलटीओ-९ ची कोरी टेप पहिल्यांदा घातली की ड्राइव्ह ती आधी स्वतःसाठी जुळवून घेतो. त्याला साधारण पाऊण तास, कधी दोन तासही लागतात. तोवर सॉफ्टवेअर कंटाळून जॉब सोडून देतं. नव्या टेपा दिवसा एकेक घालून तयार करून ठेवा, रात्रीच्या भरवशावर नको.

‘स्नॅपशॉट’ किंवा ‘व्हीएसएस’ (उघड्या फाइल्सची प्रत घेणारी विंडोजची सोय) असा शब्द लॉगमध्ये असेल, तर टेपचा काही संबंध नाही. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘व्हीएसएसअ‍ॅडमिन लिस्ट रायटर्स’ (vssadmin list writers) चालवा. प्रत्येक रायटरपुढे (आपापला डेटा प्रतीसाठी तयार करणारा भाग) ‘स्टेबल’ आणि ‘नो एरर’ दिसायला हवं. एसक्यूएलचा रायटर अडकला असेल तर त्याची सर्व्हिस रीस्टार्ट करा. तरीही सुटला नाही तर जेवणाच्या सुट्टीत सर्व्हर रीस्टार्ट करणं सोपं. त्याच वेळी अँटीव्हायरसचं पूर्ण स्कॅन किंवा दुसरा बॅकअप चालू असेल, तर वेळा वेगळ्या करा. टॅलीमध्ये कंपनी उघडी ठेवून कुणी घरी गेलं, तर त्या फाइल्स सुटू शकतात किंवा अर्धवट येतात. टॅली बंद करून जाण्याची शिस्त लावणं हाच त्यावर उपाय.

जॉब तासा-दोन तासांनी मध्येच पडत असेल, तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधला सिस्टीम लॉग उघडा आणि इव्हेंट आयडीचे नंबर बघा. ७ नंबर म्हणजे खराब ब्लॉक: टेप किंवा हेड. ११ आणि १२९ दिसले तर आधी केबल आणि कार्डावर संशय घ्या. १५ म्हणजे ड्राइव्ह तयारच नव्हता. टेप ड्राइव्ह रेड (RAID, अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या) कार्डाच्या पोर्टवर जोडू नका, त्याला साधं एसएएस एचबीए (ड्राइव्ह सर्व्हरला नुसतं जोडणारं) कार्ड वेगळं द्या. रेड कार्डावर तो मध्येच गायब होण्याचे प्रकार होतात. केबल दोन्ही टोकांना खट्‌ आवाज होईपर्यंत बसवा. बाहेरचा ड्राइव्ह आधी चालू करायचा, सर्व्हर नंतर.

केबल ठीक असेल तर उरतात टेप आणि ड्राइव्ह. एका वेळी एकच गोष्ट बदला. तीच टेप पुन्हा फेल होते आणि नवी कोरी टेप पूर्ण चालते, म्हणजे दोष टेपचा. दोन-तीन चांगल्या टेपांवर तोच एरर येतो, म्हणजे ड्राइव्हचा. एचपीईचं लायब्ररी अँड टेप टूल्स किंवा आयबीएमचं आयटीडीटी वापरून चाचणी घेता येते. आधी बॅकअपची सर्व्हिस बंद करा, नाहीतर दोन प्रोग्रॅम एकाच ड्राइव्हला धरून बसतात. राइट टेस्ट टेपवरचं पुसून टाकते, म्हणून ती कोऱ्या टेपवरच.

आता क्लीनिंग. ड्राइव्हचा क्लीनिंगचा दिवा लागला, किंवा आयबीएमच्या ड्राइव्हवर ‘सी’ अक्षर आलं, तरच करा. क्लीनिंग कार्ट्रिज जास्तीत जास्त ५० वेळा चालते. संपली की साफ न करताच बाहेर येते आणि लोक काम झालं असं समजतात. प्रत्येक वेळी लेबलवर तारीख लिहा. साफ केल्यावर ठरावीक एक टेप घातली की दिवा परत लागतो, असं होत असेल तर ती टेपच हेड घाण करतेय. तिच्यावरचा डेटा दुसरीकडे घ्या आणि ती वापरातून काढा. शिरोली, गोकुळ शिरगावला मोल्डिंगच्या वाळूची बारीक धूळ ऑफिसातही येते, आणि सर्व्हरचे पंखे ती आत ओढतात. सर्व्हर टेबलाखाली जमिनीवर नको. शॉपफ्लोअरच्या बाजूला उघडणारं दार नसलेल्या खोलीत, उंचावर ठेवा.

जॉब फेल होत नाही पण सकाळी दहापर्यंत चालूच असतो, ही तक्रारही नेहमीची. एलटीओ-६ सेकंदाला १६० एमबी लिहितो. लाखभर छोट्या फाइल्स असल्या की सर्व्हर २०-३० एमबीच देऊ शकतो. मग ड्राइव्ह थांबतो, मागे जातो, पुन्हा सुरू होतो. यात वेळ जातोच, टेप आणि हेडही झिजतात. आधी सगळा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या आणि तिथून टेपवर पाठवा. टेपवर ६.२५ टीबी छापलेलं असलं तरी खरी जागा २.५ टीबी. दागिन्यांचे फोटो, पीडीएफ, सीसीटीव्हीचं चित्रण आधीच दाबलेलं असतं, ते आणखी दबत नाही.

लिहिताना लाईट गेली तर डेटा कुठे संपला याची खूण टेपवर नीट राहत नाही, आणि पुढच्या रात्री मागे जोडून लिहिणं फसतं. अशा टेपवरून निघेल तेवढं आधी काढा, मगच ती नव्याने वापरा. ड्राइव्ह सर्व्हरच्याच यूपीएसवर हवा. बाहेरच्या ड्राइव्हचा प्लग चुकून भिंतीतल्या सॉकेटमध्येच राहतो, ते बघा.

पावसाळ्यात घरून आणलेली टेप थेट एसीच्या खोलीत लगेच चालवू नका, २४ तास तिथेच राहू द्या. मे महिन्यात ती दुचाकीच्या डिकीत विसरू नका. ठेवायची जागा १६ ते २५ अंश आणि ५० टक्क्यांच्या आत आर्द्रतेची हवी. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये त्यासाठी घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या लागतात. आठवड्याची एक टेप बाहेर न्यायची ती पुराच्या पट्ट्याबाहेर. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्क या भागांत शिरलं होतं. दुकान शाहूपुरीत आणि बाहेरची टेप नागाळा पार्कातल्या घराच्या तळमजल्यावर, असं असेल तर दोन्ही एकदमच जातील.

व्हेरिफाय (लिहिलेलं परत वाचून तपासणं) कायम चालू ठेवा. महिन्यातून एकदा टेपवरून टॅलीचं फोल्डर वेगळ्या जागी रिस्टोअर करा, कंपनी उघडा आणि शेवटच्या दिवसाची व्हाउचर आहेत का बघा. एन्क्रिप्शन लावलं असेल तर ही चाचणी दुसऱ्या मशीनवर पासवर्ड टाकून करा, आणि तो पासवर्ड सर्व्हरच्या बाहेर, कागदावर, मालकाच्या तिजोरीत ठेवा.