शिकाऊ उमेदवाराचे विद्यावेतन: मालकाचा वाटा, सरकारचा वाटा

आयटीआय पुरी करून गोव्यातील कुंडई किंवा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत शिकाऊ उमेदवार म्हणून रुजू होणाऱ्या मुलाला घरी पहिला प्रश्न पैशांचा विचारला जातो. तो रास्तच आहे, कारण डिचोलीहून किंवा केप्याहून रोज ये-जा करण्याचे बसभाडे आणि दुपारचे जेवण त्यातूनच भागवायचे असते. कारखान्याच्या मालकालाही हाच प्रश्न पडलेला असतो, फक्त दुसऱ्या बाजूने.

शिकाऊ उमेदवारी अधिनियम, 1961 प्रमाणे विद्यावेतन देण्याची जबाबदारी आस्थापनेची आहे. 2019 साली सुधारलेल्या नियमांत त्याची किमान रक्कम शिक्षणानुसार ठरवली गेली: दहावी उत्तीर्णाला दरमहा 6,000 रुपये, बारावी किंवा आयटीआय झालेल्याला 7,000, पदविकाधारकाला 8,000 आणि पदवीधराला 9,000. प्रशिक्षण एका वर्षाहून अधिक चालले, तर दुसऱ्या वर्षी 10 टक्के वाढ मिळते. मालकाला यापेक्षा जास्त देता येते. कमी देता येत नाही.

सरकारचा हातभार यानंतर येतो. 2016 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेखाली केंद्र सरकार विद्यावेतनाचा 25 टक्के भाग, परंतु दरमहा कमाल 1,500 रुपये, स्वतः उचलते. वीस कामगारांच्या कुंडईतील एका वर्कशॉपचे उदाहरण घेऊ. चार ते एकोणतीस कामगार असलेल्या आस्थापनेला उमेदवार घेण्याची सक्ती नाही, पण 15 टक्क्यांपर्यंत, म्हणजे इथे तीन जण, घेता येतात. (तीस किंवा अधिक कामगार असले, की किमान अडीच टक्के घेणे बंधनकारक होते.) आयटीआय झालेल्या एका फिटरला 7,000 रुपये ठरवले, तर त्याचे 25 टक्के 1,750 होतात, मर्यादेमुळे सरकारचे 1,500 आणि मालकाचे 5,500. तिघांचा विचार केला, तर वर्षाला 54,000 रुपयांचा भार सरकारकडे जातो. शिवाय शिकाऊ उमेदवार हा कायद्याने कामगार नसल्यामुळे त्याच्यापोटी भविष्यनिर्वाह निधी भरावा लागत नाही. मात्र कामावर दुखापत झाली, तर भरपाईची जबाबदारी मालकाचीच असते, आणि ती कोणी हलक्यात घेऊ नये.

पदविकाधारक आणि पदवीधरांसाठी शिक्षण मंत्रालयाची वेगळी योजना आहे. तिच्यात सरकारचा वाटा किमान विद्यावेतनाच्या निम्मा असतो, आणि गोव्याचे काम मुंबईतील पश्चिम विभागाचे शिकाऊ प्रशिक्षण मंडळ पाहते.

हे सारे करारावर अवलंबून आहे. दोन्ही बाजूंनी संबंधित पोर्टलवर नोंदणी करून करारपत्र तयार करावे आणि ते मंजूर झाल्याची खात्री करूनच कामाला सुरुवात करावी. तोंडी ठरवून महिनाभर राबवून घेतलेल्या मुलाला त्या महिन्याचा सरकारी वाटा मागण्यास आधारच उरत नाही.

ऑगस्ट 2023 पासून प्रोत्साहन योजनेतील केंद्राचा वाटा मालकाला परत न मिळता थेट उमेदवाराच्या बँक खात्यात जमा होतो. म्हणून मालकाने आपला वाटा पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत बँकेतूनच द्यावा आणि त्याची नोंद पोर्टलवर वेळेत करावी. उमेदवाराने आपले कोणते खाते आधारशी जोडलेले आहे हे आधीच तपासावे. माझ्या भाच्याला तीन महिने वाटत होते की पैसे अडले आहेत; प्रत्यक्षात ते शाळेत शिष्यवृत्तीसाठी उघडलेल्या जुन्या खात्यात जमा होत होते, कारण आधार तिथेच जोडलेले राहिले होते. ते पासबुक कपाटाच्या तळाशी पडून होते. पासबुकावर आधार क्रमांक छापलेला आहे एवढ्यावर विसंबू नये. सरकारी रक्कम आपल्या याच खात्यात येईल का, असे बँकेत स्पष्ट विचारावे.

किरकोळ रजा किंवा आजारपणाची रजा घेतली म्हणून विद्यावेतन कापता येत नाही. तसे झाल्यास, किंवा रक्कम ठरल्यापेक्षा कमी आल्यास, आधी कारखान्याच्या कार्यालयात लेखी विचारावे. उत्तर न मिळाल्यास पणजीत पाटो येथील श्रमशक्ती भवनातील कौशल्य विकास व उद्योजकता संचालनालयात करारपत्राची प्रत, करार क्रमांक आणि पासबुकाच्या शेवटच्या पानांची छायाप्रत घेऊन जावे.