साथीचं ट्रॅकिंग अ‍ॅप सोसायटीच्या गळी कसं उतरवायचं

२०२० मध्ये आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी मी होतो, म्हणजे दुसरं कोणी तयारच नव्हतं म्हणून झालो होतो. २ एप्रिलला कोरोनाचे संपर्क शोधणारं सरकारचं आरोग्य सेतू अ‍ॅप आलं, मी लगेच ग्रुपवर लिंक टाकली, खाली धडाधड अंगठे आले, दोन-तीन जणांनी हात जोडलेले इमोजी टाकले आणि मला वाटलं झालं काम. दोन आठवड्यांनी भाजीच्या टेम्पोपाशी रांगेत उभं असताना सहज विचारलं की ब्लूटूथ कोणाकोणाचं चालू आहे, तर बोटांवर मोजण्याइतके निघाले. अ‍ॅप होतं सगळ्यांकडे. एका काकांनी तर सांगितलं, अरे ते मी कोणी विचारलं तर दाखवण्यापुरतं ठेवलंय.

पुढची साथ आली की असलं काहीतरी अ‍ॅप येणारच आहे, नाव वेगळं असेल एवढंच. तुम्ही कमिटीत असाल, ग्रामपंचायतीत असाल किंवा वॉर्डात आशाताईंच्या मदतीला फिरत असाल तर लोकांना ते वापरायला लावणं तुमच्याच डोक्यावर येणार, म्हणून आम्ही काय केलं, काय चुकलं आणि आता केलं तर कसं करीन ते लिहितोय.

सगळ्यात आधी लिंक पुढे ढकलायच्या अगोदर तुम्ही स्वतः ते अ‍ॅप समजून घ्या. लोक तीनच गोष्टी विचारतात, फिरवून फिरवून विचारतात पण तीनच. माझी माहिती राहते कुठे, दिसते कोणाला आणि पुसली कधी जाते. आरोग्य सेतूचं असं होतं की दोन फोन जवळ आले की ब्लूटूथवरून एकमेकांचा आयडी नोंदवायचे, शिवाय दर पंधरा मिनिटांनी लोकेशनही नोंदलं जायचं. हे सगळं आपल्याच फोनमध्ये राहायचं आणि ३० दिवसांनी पुसलं जायचं, तुम्ही पॉझिटिव्ह आलात तर मात्र सर्व्हरवर जायचं आणि बरे झाल्यावर ६० दिवसांनी तिथून काढायचं असा नियम होता. हे एवढं मला एप्रिलमध्येच नीट सांगता आलं असतं तर निम्मी कटकट वाचली असती. मी काय सांगत होतो, तर "सरकारचं आहे, टाकून घ्या". आता ज्याला सरकारचीच भीती वाटतेय त्याला हे सांगून काय उपयोग?

आणि शंका काढणाऱ्याला वेड्यात काढू नका. आमच्याकडे एक आयटीतला मुलगा होता, सारखा म्हणायचा की ब्लूटूथ पुरतंय तर लोकेशन कशाला पाहिजे. मी त्याला ग्रुपवर जरा लागेल असं बोललो. त्याचा मुद्दा बरोबर होता. सिंगापूरचं ट्रेसटुगेदर मार्चमध्येच आलेलं, ते नुसत्या ब्लूटूथवर चालायचं. जर्मनीने जूनमध्ये आणलेल्या अ‍ॅपमध्ये तर कोण कोणाला भेटलं हे सरकारच्या सर्व्हरला कळायचंच नाही, जुळवाजुळव सगळी फोनमध्येच व्हायची. नॉर्वेमध्ये लोकेशन गोळा करणारं अ‍ॅप होतं, त्यांच्याच डेटा सुरक्षा खात्याने आक्षेप घेतला आणि दोन महिन्यांत ते थांबवावं लागलं. आपल्याकडेही ओरड झाल्यावरच गोष्टी हलल्या, ११ मे ला डेटा कोणी किती दिवस ठेवायचा याचे नियम निघाले आणि २६ मे ला अँड्रॉइड अ‍ॅपचा सोर्स कोड, म्हणजे अ‍ॅपचं मूळ लिखाण, कोणालाही वाचायला खुला केला. तर असा एखादा शंकेखोर सोसायटीत असेल तर त्यालाच पुढे करा, "तू वाच आणि आम्हाला सांग" म्हणा. तो ठीक आहे म्हणाला की दहा घरं आपोआप ऐकतात, सेक्रेटरीचं कोण ऐकतंय.

खोटी हमी मात्र देऊ नका. सिंगापूरमध्ये लोकांना सांगितलं होतं की हा डेटा फक्त साथीच्या कामासाठी, आणि जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या संसदेत कळलं की गुन्ह्याच्या तपासासाठी पोलीसही तो घेऊ शकतात. एवढा गोंधळ झाला की फेब्रुवारीत कायदा करून सात प्रकारच्या गंभीर गुन्ह्यांपुरतंच ते मर्यादित करावं लागलं. म्हणून "कोणालाच कळणार नाही" असलं काही आपण बोलायचं नाही, जे लेखी आहे तेवढंच सांगायचं.

आता सक्ती. मोह होतो, खोटं कशाला बोलू. केंद्राच्या १ मे २०२० च्या आदेशात सरकारी आणि खाजगी सगळ्या कर्मचाऱ्यांना अ‍ॅप सक्तीचं केलं होतं, नोएडात तर नसेल तर गुन्हा दाखल करू म्हणाले, आणि १७ मे पर्यंत भाषा मवाळ होऊन "शक्य तेवढा प्रयत्न करा" वर आली. आमची कमिटी मात्र त्या पहिल्या आदेशावरच अडून बसली. गेटवर नियम केला, अ‍ॅप दाखवा आणि आत या. मग झालं असं की जूनमध्ये कामाला परत यायला लागलेल्या ताईंना गेटवर अडवलं, त्यातल्या एकींकडे साधा बटणांचा फोन, दुसरीच्या घरात एकच स्मार्टफोन आणि तो नवरा कामावर घेऊन जाणार. ज्यांच्या घरी त्या कामाला होत्या त्यांनाच वरून खाली येऊन भांडावं लागलं. आणि मेंबर लोक काय करत होते, तर धोका नसेल तर अ‍ॅपमध्ये हिरवं दिसायचं, त्याचा एक स्क्रीनशॉट काढून ठेवलेला, तोच रोज दाखवायचे. गेटवर रोज चौदा-चौदा तास उभा असणाऱ्या वॉचमनकडे अ‍ॅप आहे का हे आम्ही कोणी विचारलंच नव्हतं. सगळ्यात जास्त माणसं त्याच्या संपर्कात यायची. पहिला फोन त्याचा लावून द्या, नसेल तर सोसायटीच्या खर्चाने द्या.

सक्तीपेक्षा हिशोब चालतो, आपल्या लोकांना हिशोब पटतो. संपर्क पकडायचा तर दोघांकडेही अ‍ॅप चालू पाहिजे. शंभरातल्या ३० जणांकडे असेल तर कुठलेही दोघे भेटल्यावर दोघांकडे असण्याची शक्यता शंभरात फक्त ९. साठ जणांकडे असेल तर ३६. ऐंशी असतील तर ६४. आरोग्य सेतूने दीड महिन्याच्या आत १० कोटींचा आकडा गाठला म्हणून केवढं कौतुक झालं, पण १३० कोटींच्या देशात ते शंभरात जेमतेम आठ, म्हणजे कुठलेही दोन अनोळखी भेटले तर दोघांकडे असण्याची शक्यता एक टक्कासुद्धा नाही. देशाचं आपण काही करू शकत नाही, पण एका बिल्डिंगमध्ये शंभरात ऐंशी घरं गाठता येतात आणि लिफ्ट, जिना, पाण्याच्या टाकीपाशी भेटणारी माणसं तीच तीच असतात. हे मी खडूने नोटीस बोर्डावर लिहिलं तेव्हा पहिल्यांदा लोक स्वतःहून विचारायला आले.

मग फोन लावून देणं. हे काम ग्रुपवर होत नाही, एकेकाजवळ बसूनच करावं लागतं, मास्क लावून गॅलरीत किंवा खाली पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसा. ज्येष्ठांच्या फोनमध्ये जागाच नसते, सगळी सुप्रभातच्या फुलांनी भरलेली असते, आधी ती काढा (विचारून काढा, एका आजींचे नातवाचे फोटो माझ्याकडून उडता उडता राहिले). भाषा मराठी करून द्या. बॅटरी संपते ही तक्रार खरी आहे, जुन्या फोनमध्ये ब्लूटूथ आणि लोकेशन दोन्ही सतत चालू म्हटल्यावर संपणारच, तर सरळ सांगा की घरात बसलेले असताना ब्लूटूथ बंद ठेवलं तरी चालेल, खाली उतरताना चालू करा. त्याने एक फायदाही होतो. ब्लूटूथला भिंत कळत नाही, शेजारच्या फ्लॅटमधला पेशंट तुमच्या बेडरूमच्या भिंतीपलीकडे झोपलेला असला तरी अ‍ॅपला वाटतं तुम्ही त्याच्या शेजारी बसलात. आणि टेस्ट करायला जाताना ज्याची टेस्ट त्याचाच मोबाईल नंबर द्यायला सांगा, आपल्याकडे सवय आहे सगळ्यांच्या फॉर्मवर मुलाचा नंबर टाकायची, मग आजोबा पॉझिटिव्ह आणि निरोप पुण्यात बसलेल्या मुलाला.

पण खरी अडचण यातली कुठलीच नव्हती. लोकांना भीती अ‍ॅपची नव्हतीच, अ‍ॅपने धोका दाखवल्यावर काय होईल याची होती. मार्च २०२० मध्ये आपल्या राज्यात होम क्वारंटाईनवाल्यांच्या डाव्या हातावर शाईचा शिक्का मारत होते, निवडणुकीत लावतात ती शाई, आणि तसा शिक्का दिसला म्हणून लोकांना ट्रेनमधून उतरवल्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचलेल्या. त्यानंतर फोन हाच शिक्का वाटला तर नवल काय. त्यात मी भर घातली. एका घरातल्या बाईंनी विश्वासाने मला त्यांच्या अ‍ॅपमधला धोक्याचा स्टेटस पाठवला आणि मी "सर्वांनी काळजी घ्यावी" म्हणून तो कमिटीच्या ग्रुपवर टाकला. अर्ध्या तासात सगळ्या सोसायटीला माहीत. दूधवाल्याने त्या मजल्यावर जाणं बंद केलं, कोणीतरी त्यांच्या दारासमोर ब्लीचिंग पावडरची रेघ ओढली. टेस्ट निगेटिव्ह आली. पण त्या दिवसापासून कोणाच्याच अ‍ॅपने कधी धोका दाखवला नाही, हिरव्याचा महापूर, कारण लोकांनी ब्लूटूथच बंद करून टाकलं. त्या बाई अजूनही जिन्यात दिसल्या तर मीच खाली बघतो.

म्हणून अ‍ॅप लावायच्या आधी हे ठरवा, मिटिंग घेऊन आणि लेखी. कोणाच्या अ‍ॅपने धोका दाखवला तर फक्त एकाच माणसाला कळवायचं, शक्यतो बिल्डिंगमधल्या डॉक्टर किंवा नर्सला, सेक्रेटरीला नको. तो माणूस ग्रुपवर नाव टाकणार नाही. त्या घराला दूध, भाजी, औषधं दारात कोण पोहोचवणार याची नावं आधीच लिहा, कचरा कोण उचलणार तेही. घरात एकटी म्हातारी माणसं असतील तर रोज दोनदा फोन कोण करणार. आम्ही हे जुलैमध्ये केलं, उशिराच, पण पहिल्या घराला सकाळी न सांगता दूध आणि ताप मोजायचं थर्मामीटर दारात मिळालं तेव्हा दुसऱ्या आठवड्यात तीन घरांनी स्वतःहून कळवलं. १४ दिवस कोंडून घ्यायला माणूस तयार होतो हो, फक्त त्याला वाळीत टाकू नका.

स्मार्टफोन नसलेल्यांसाठी तेव्हा १९२१ या नंबरवर मिस्ड कॉल द्यायची सोय होती, ती आमच्याकडे फार थोड्यांना माहीत होती. वही चांगली चालते. सप्टेंबरमध्ये "माझे कुटुंब माझी जबाबदारी" सुरू झालं आणि घरोघर ताप नि ऑक्सिजन बघायला ताई यायला लागल्या, तेव्हा आम्ही सोसायटीचा एक ऑक्सिमीटर घेतला आणि वही ठेवली. अ‍ॅपला नाही म्हणणारे आजोबासुद्धा बोट पुढे करायचे, कारण आकडा लगेच समोर दिसतो आणि समोर ओळखीचा माणूस असतो.

शेवटचं काम कोणी करत नाही ते म्हणजे बंद करणं. आरोग्य सेतूचं संपर्क शोधण्याचं फीचर बंद केलं आणि तो डेटा पुसला असं सरकारने फेब्रुवारी २०२३ मध्ये लोकसभेत सांगितलं. सोसायटीने गोळा केलेलं कोण पुसणार? पहिल्याच मिटिंगमध्ये तारीख ठरवा, अमुक महिन्यात वही फाडायची आणि फाइल उडवायची, दोन मेंबरांसमोर. आमची गुगल शीट मला गेल्या वर्षी दुसरंच काहीतरी शोधताना सापडली, नाव, फ्लॅट नंबर, कोणाला शुगर, कोणाला बीपी, कोण कधी पॉझिटिव्ह, सगळं जसंच्या तसं, आणि लिंक असेल त्या कोणालाही उघडता येत होती, त्यात दोन भाडेकरू केव्हाच घर सोडून गेलेले. तिथल्या तिथे डिलीट केली, मग ट्रॅशमधूनही काढली, ट्रॅशमधून काढायला विसरू नका.