हेटेरोसिस आणि जी बाय ई : ब्रीडिंग शिकायला येणाऱ्यांसाठी माझा अनुभव

ॲनिमल ब्रीडिंगला (जनावरांची निवड आणि पैदास) नवीन येणारे हेटेरोसिस (संकरित जनावर आई-बापांच्या जातींच्या सरासरीपेक्षा किती सरस ठरतं ते) आणि जीनोटाइप-एन्व्हायर्नमेंट इंटरॅक्शन, म्हणजे जी बाय ई (वातावरण बदललं की जनावरांमधला आनुवंशिक फरकही बदलणं), या दोन ठिकाणी हमखास अडकतात. मीपण अडकलो होतो, कारण हे दोन वेगळे चॅप्टर समजून मी वेगवेगळे पाठ केले होते.

हेटेरोसिस हा शब्द जेनेटिक्सचे अभ्यासक शल यांनी 1914 साली मक्याच्या कामातून आणला वगैरे सगळं तोंडपाठ होतं, पण तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं की संकरित गाय जास्त दुधाच्या जातीपेक्षा कमी दूध देतेय, तरी हेटेरोसिस आहे म्हणता येईल का, तर मी सरळ नाही म्हणालो आणि तिथेच चुकलो. तुलना चांगल्या जातीशी नसतेच, दोन्ही जातींच्या सरासरीशी असते. समजा एका वेताला अ जात 3000 लिटर देते, ब जात 1800, सरासरी 2400 आणि पहिल्या पिढीचा संकर 2700 देतो. मग 300 भागिले 2400, म्हणजे 12.5 टक्के हेटेरोसिस आहे, आणि तरीही गाय अ च्या खालीच आहे. हे गणित वहीत स्वतः करून बघा, नुसतं वाचून डोक्यात बसत नाही.

आता हीच जनावरं उष्ण आणि चारा कमी असलेल्या ठिकाणी न्या. अ कोसळून 1900 वर येते, ब 1600 वर टिकते, संकर 2100 देतो. सरासरी 1750, म्हणजे हेटेरोसिस 20 टक्के, आणि इथे संकर दोघींच्याही वर! आकडे मी समजावायला घेतलेत, पण ताणाच्या वातावरणात हेटेरोसिस वाढलेला बऱ्याचदा दिसतो. मला हे खरं पटलं ते गोठ्यावर, भर दुपारी शुद्ध जातीची गाय तोंड उघडून धापा टाकत सावलीत उभी, गव्हाणीकडे ढुंकून बघत नव्हती, आणि शेजारची संकरित गाय आरामात चारा खात होती. तेव्हा कळलं की हेटेरोसिस किती हे विचारताना कुठे हेपण विचारावंच लागतं.

जी बाय ई मध्ये अजून एक घोळ होतो. सगळ्या वळूंच्या मुलींचं दूध दुसऱ्या ठिकाणी कमी झालं पण वळूंचा क्रम तोच राहिला तर तो बहुतेक फक्त स्केलचा फरक, निवड फारशी चुकत नाही. क्रम बदलला तर मात्र खरी अडचण, कारण इथला एक नंबरचा वळू तिथे मागे पडतो. एक जनावर एकाच वेळी दोन्हीकडे मोजता येत नाही, म्हणून जेनेटिक्सचे अभ्यासक फाल्कनर यांनी 1952 मध्ये सुचवलं की दोन ठिकाणचं दूध हे दोन वेगळे गुणधर्म धरा आणि त्यांच्यातलं जेनेटिक कोरिलेशन (दोन्हींमागचा आनुवंशिक प्रभाव किती सारखा आहे ते, 1 म्हणजे अगदी एकच) काढा. याच कोरिलेशनसाठी त्याच क्षेत्रातल्या रॉबर्टसन यांनी 1959 मध्ये 0.8 ची रेघ दिली, त्याच्या खाली आलं तर दखल घ्या. आणि डेटा गोळा करण्याआधीच बघा की त्याच वळूंच्या मुली दोन्ही ठिकाणी आहेत का, मी हे आधी तपासलं नाही आणि माझे कित्येक दिवस वाया गेले, कारण दोन कळपांत सामायिक वळू जेमतेम होते आणि कोरिलेशनची स्टँडर्ड एरर (अंदाजातली अनिश्चितता) इतकी मोठी आली की काहीच बोलता येईना.

गाभण राहणं, वासरू जगणं अशा कमी हेरिटॅबिलिटीच्या (जिथे जनावरांमधल्या फरकात आनुवंशिकतेचा वाटा कमी असतो) गोष्टींत हेटेरोसिस जास्त मिळतो, मांसाच्या प्रतीत कमी, त्यामुळे फक्त दूध मोजून संकर फसला असं ठरवू नका.

पहिल्या पिढीचे आपसात लावले की साध्या डॉमिनन्स मॉडेलनुसार (हेटेरोसिस दोन जातींची वेगवेगळी जनुकं एकत्र येण्यातून मिळतो असं धरलं तर) निम्मा हेटेरोसिस जातो, वरच्या उदाहरणात 2700 चे 2550. म्हणून रोटेशन (दर पिढीला जातींचे वळू आळीपाळीने वापरणं) शिका, दोन जातींच्या रोटेशनमध्ये पहिल्या पिढीच्या हेटेरोसिसपैकी सुमारे 67 टक्के टिकतो, तीन जातींच्या 86. हे आकडे कुठून येतात ते पिढ्यानपिढ्या कागदावर काढा, पाच-सहा पिढ्यांत आकडा स्थिर होताना दिसतो. मी ते काढलं त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाटलं की हा विषय आपल्याला जमेल.