सोलापूरच्या उन्हात कॅमेरा शिकताना

सोलापुरात फोटोग्राफी शिकायला घेतलं की पहिली गाठ उन्हाशी पडते. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात इथे सूर्य भर दुपारी नेमका डोक्यावर येतो, उभ्या काठीचीही सावली दिसेनाशी होते. अशा वेळी उघड्यावर माणूस उभा करून फोटो काढला, तर डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, नाकाची सावली ओठांवर उतरते आणि कपाळ चकाकतं. नवखा विद्यार्थी याचा दोष लेन्सला देतो आणि नवी लेन्स घ्यायचं मनात आणतो. पैसे वाचवा. माणसाला भुईकोट किल्ल्याच्या तटाच्या सावलीत घ्या, तोंड मोकळ्या आभाळाकडे करा. तोच कॅमेरा वेगळं चित्र देईल.

सावलीतही खोच असते. मोकळ्या सावलीतला प्रकाश निळसर असतो, म्हणून व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याने कशाला पांढरं धरायचं ही सेटिंग) 'शेड'वर, म्हणजे ७००० केल्विनच्या आसपास ठेवावा. झाडाखाली मात्र पानांतून गळणारे उन्हाचे ठिपके चेहऱ्यावर पडतात, वर हिरवट झाक येते. ठिपके एडिटिंगमध्ये काढता येतात, पण एका चेहऱ्यामागे अर्धा तास जातो. दोन पावलं बाजूला सरकायला दोन सेकंद लागतात.

सुरुवातीला कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ ची लेन्स पुरेशी आहे. मोड अॅपर्चर प्रायॉरिटीचा घ्या (लेन्सचं छिद्र आपण ठरवायचं, शटरचा वेग कॅमेरा ठरवतो), छिद्राचा आकडा एफ/५.६ किंवा एफ/८ ठेवा, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) ऑटोवर टाकून कमाल मर्यादा ३२०० करा आणि फाइल 'रॉ अधिक जेपेग' निवडा (रॉ म्हणजे सेन्सरची कच्ची फाइल). शटरवर मात्र लक्ष हवं. हातात धरून काढताना शटरचा वेग साधारणपणे फोकल लांबी (लेन्सचा मिलीमीटरचा आकडा) गुणिले क्रॉप फॅक्टर (सेन्सर ३५ मिलीमीटर फिल्मपेक्षा किती पट लहान) याच्या उलट्या आकड्याहून कमी नसावा. १.५ क्रॉपच्या कॅमेऱ्यावर ५५ मिलीमीटर म्हणजे सुमारे ८२, तेव्हा १/१०० च्या खाली उतरू नका. लेन्समध्ये स्थिरीकरण असेल तर याहून खाली जाता येतं, पण ते फक्त तुमच्या हाताची थरथर सांभाळतं. समोर पळणारं पोरगं धूसर यायचं ते येतंच.

आता मीटर, म्हणजे कॅमेऱ्यातली प्रकाश मोजणारी यंत्रणा. कॅमेऱ्याचा मीटर समोर काहीही असो, ते मध्यम करड्या छटेचं आहे असं धरून चालतो. हा हट्ट समजून घ्यायला सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेइतकी चांगली शाळा दुसरी नाही. संक्रांतीच्या दिवसांत नंदीध्वजांसोबत (मिरवणुकीतल्या उंच, सजवलेल्या काठ्या) पांढऱ्या बाराबंदीतले हजारो भक्त चालतात, चौकट पांढऱ्याने भरून जाते. मीटरला वाटतं प्रकाश जास्त झाला, तो एक्स्पोजर (फोटोत घेतलेला प्रकाश) खाली ओढतो आणि शुभ्र बाराबंदी मळकट करडी येते. उपाय सोपा आहे: एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेला प्रकाश आपण कमीजास्त करायची सेटिंग) अधिक ०.७ ते अधिक १. पण थेट ऊन कपड्यांवर असेल तर एवढं वाढवल्याने कापडाच्या घड्याच नाहीशा होतात. म्हणून स्क्रीनवर हायलाइटचा (सर्वांत उजळ भागाचा) इशारा चालू ठेवा. पांढरा भाग लुकलुकायला लागला की एक तृतीयांश स्टॉप खाली या (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). काळ्या म्हशीचा किंवा किल्ल्याच्या काळ्या दगडी भिंतीचा फोटो असेल तर याच्या उलट करायचं, उणे ०.७.

त्याच यात्रेतलं शोभेचं दारूकाम टिपायचं तर तिपाई लागतेच. आयएसओ १००, एफ/८ ते एफ/११, शटर दोन ते चार सेकंद, फोकस मॅन्युअलवर नेऊन लांबच्या दिव्यावर बसवलेला. ऑटोफोकस अंधारात पुढेमागे शोधत बसतो आणि तोवर बाण फुटून विझलेला असतो.

आता यंत्रमागाच्या कारखान्याबद्दल जरा सविस्तर, कारण सोलापूरच्या विद्यार्थ्याला प्रकल्पासाठी हा विषय हमखास सुचतो आणि हमखास फसतो. आत ट्यूबलाइट किंवा एलईडी असतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. धोटा (मागावर आडवं सूत नेणारा भाग) गोठवायचा म्हणून १/५०० शटर लावलं की फोटोत आडवे काळे-पिवळे पट्टे येतात आणि लागोपाठचे दोन फोटो वेगवेगळ्या उजेडाचे निघतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवा, दिव्यांची लहर पूर्ण पकडली जाते आणि पट्टे जातात. धोटा धूसर येईल, येऊ द्या. माग चालू आहे हे त्या धूसरपणानेच कळतं. विणकराचा चेहरा आणि हात स्थिर असले की पुरे. तिपाईचा फार उपयोग होत नाही, कारण मागांमुळे फरशीच थरथरत असते. भिंतीला खांदा टेकवून, श्वास रोखून फोटो घेतलेला बरा.

दुसरी अडचण मिश्र प्रकाशाची. दारातून ऊन, वरून ट्यूबलाइट. अर्धा चेहरा निळा, अर्धा हिरवट. एका व्हाइट बॅलन्सने दोन्ही बाजू सुधारत नाहीत. शक्य असेल तर वरचे दिवे बंद करून घ्या, नाहीतर विणकराला पूर्ण दाराच्या उजेडात वळवा, तेही जमलं नाही तर तो फोटो कृष्णधवल करा. आणि एक अगदी साधी गोष्ट: कारखान्यात लेन्स बदलू नका. हवेत सुताची बारीक लव तरंगत असते, ती सेन्सरवर बसते आणि पुढे एफ/१६ ला काढलेल्या आभाळात करडे डाग होऊन दिसते. मालकाची परवानगी घेऊनच आत जा. कॅमेऱ्याचा पट्टा आणि ओढणी मागापासून दूर ठेवा.

शिकता शिकता चार पैसे मिळवायचे असतील तर चादरी आणि टॉवेल यांचे विक्रीसाठीचे फोटो हे इथलं खात्रीचं काम. चादरीवर समोरून फ्लॅश मारला की वीण सपाट होते. खिडकीचा उजेड एका बाजूने, कापडाला जवळजवळ घासून जाईल असा घ्या, टॉवेलचा कणन् कण उठून दिसतो. दुसऱ्या बाजूला पांढरी थर्माकोलची शीट उभी करा. तिपाई, आयएसओ १००, एफ/८. पहिल्या फोटोत ग्रे कार्ड (मध्यम करड्या रंगाचं कार्ड) ठेवा आणि नंतर त्याच्यावरूनच सगळ्यांचा व्हाइट बॅलन्स लावा, कारण गिऱ्हाइकाने मरून रंगाची मागवली आणि हातात लाल पडली की चादर परत येते. गडद लाल रंगात आणखी एक सापळा असतो. एकूण हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) ठीक दिसतो, पण लाल चॅनेल उजव्या कडेला आदळलेला असतो आणि नक्षी रंगाच्या गोळ्यात बुडते. तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम पाहायची सवय लावा. बारीक विणीवर इंद्रधनुषी लहरी दिसल्या तर ते मॉयरे. कॅमेरा थोडा मागे घ्या किंवा कोन बदला. अॅमेझॉनसारख्या ठिकाणी मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी, म्हणजे तिन्ही रंग २५५ लागते आणि वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापावा लागतो.

एडिटिंगला फुकटची साधनं पुरतात: फोनवर स्नॅपसीड, संगणकावर डार्कटेबल किंवा रॉथेरपी, थरांच्या कामासाठी जिंप. साधनापेक्षा क्रम महत्त्वाचा. आधी लेन्सचा दोष आणि तिरपं क्षितिज, मग व्हाइट बॅलन्स, मग एक्स्पोजर, मग हायलाइट खाली आणि शॅडो (गडद भाग) थोडे वर, त्यानंतर रंग, मग ठरावीक भागावर मास्क लावून काम, शेवटी नॉइज (दाणे) कमी करणं आणि शार्पनिंग (कडा धारदार करणं). शार्पनिंग आधी केलं तर पुढे शॅडो उचलताना दाणेही धारदार होऊन वर येतात. रॉ फाइलमधून काळोखातलं बरंच काही परत मिळतं. पांढरा पूर्ण जळाला असेल तर काहीच मिळत नाही, तिथे करडा रंग फासला जातो एवढंच.

नवख्यांचा हात सगळ्यात जास्त सुटतो तो सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा), क्लॅरिटी (बारकाव्यांचा उठाव) आणि त्वचा गुळगुळीत करण्यावर. 'जरा गोरं करून द्या' ही मागणी लग्नाच्या प्रत्येक अल्बमला येते. ती मानली की नवरीचा चेहरा पिठूळ आणि हात सावळे असा प्रकार होतो. नारिंगी रंगाची ल्युमिनन्स (उजळपणा) पाच-दहाने वाढवा, चेहऱ्याला उजेड आल्यासारखा वाटतो आणि रंग तिचाच राहतो. मुरुम काढा, तीळ ठेवा. हीलिंग (डाग झाकणं) वेगळ्या थरावर करा, म्हणजे चूक झाली तर मूळ फोटो शाबूत राहतो.

रात्री संगणकावर 'नाइट लाइट' चालू ठेवून रंग ठरवू नका, पिवळ्या पडद्यावर केलेला फोटो सकाळी निळा दिसतो. पडद्याची चमकही पूर्ण नको, नाहीतर स्क्रीनवर छान दिसलेला फोटो कागदावर काळवंडून येतो. मोबाइलवर पाठवायला एसआरजीबी ही रंगपद्धत, जेपेग दर्जा ८५ च्या आसपास. छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल धरा: ४×६ ला १२००×१८००, १२×१८ ला ३६००×५४००. कॅमेऱ्याची ३:२ चौकट या दोन्ही मापांत नेमकी बसते. फोनची ४:३ बसत नाही. लॅबवाला ती स्वतःच कापतो आणि मागच्या रांगेतल्या मामांचं डोकं जातं, म्हणून कापणी आधी आपणच करून द्यायची.

मोठी ऑर्डर देण्यापूर्वी त्याच लॅबमधून ४×६ चा एक नमुना काढून घ्या आणि तो दुकानाच्या ट्यूबलाइटखाली न पाहता दाराबाहेर उजेडात आणून पाहा. काळपट आला असेल तर एक्स्पोजर एक तृतीयांश स्टॉप वाढवून दुसरा नमुना काढा. आणि ऑर्डर हातात पडेपर्यंत कार्ड फॉरमॅट करू नका. फोटो दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरले आहेत याची खात्री झाली की मग, तेही संगणकावर नव्हे, कॅमेऱ्यातच करा.