लष्करी सुटे भाग परदेशी पाठवताना: परवान्याची वाट चौकशीच्या पत्रापासून धरावी

परदेशातील एखाद्या कंपनीकडून चौकशीचे पत्र येते, सोबत ड्रॉइंग असते आणि त्यावर तोफेच्या किंवा रायफलच्या एखाद्या सुट्या भागाची मापे असतात. भोसरी, चाकण, नाशिकचे अंबड किंवा कोल्हापूरचे शिरोली येथील ज्या कारखानदाराने आजवर मोटारीचे आणि ट्रॅक्टरचे भाग बनवले, त्याला हे काम नेहमीच्या कामासारखेच वाटते: दर द्यायचा, नमुना पाठवायचा, ऑर्डर घ्यायची. परवान्याचा विचार तो माल तयार होऊन पेटीत भरल्यावर करतो, आणि तिथेच घोटाळा होतो, कारण नमुन्याचा एक नगसुद्धा, अगदी विनामूल्य पाठवला तरी, कायद्याच्या दृष्टीने निर्यातच असतो. २०१३-१४ मध्ये भारताची संरक्षण निर्यात ६८६ कोटी रुपयांची होती. २०२४-२५ मध्ये ती २३,६२२ कोटींवर गेली. या वाढीत सुट्या भागांचा वाटा मोठा आहे, म्हणून हे नियम आता लहान कारखानदारालाही माहीत असायला हवेत.

या व्यवहाराचा मुख्य आधार म्हणजे १९९२ चा विदेश व्यापार (विकास व नियमन) कायदा. २०१० च्या दुरुस्तीने त्यात नियंत्रित वस्तू, सेवा आणि तंत्रज्ञान यांच्यासाठी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. त्याच्या जोडीला १९५९ चा शस्त्र कायदा, २०१६ चे शस्त्र नियम, १९६२ चा सीमाशुल्क कायदा आणि सामूहिक संहाराच्या शस्त्रांविषयीचा २००५ चा कायदा आहे. ही नावे पाठ करण्याची गरज नाही, परंतु एकाच मालाला एकाहून अधिक कायदे लागू होऊ शकतात हे मात्र सतत ध्यानात ठेवावे लागते.

सर्वप्रथम आपला माल स्कोमेट यादीत बसतो का, हे ठरवावे. विशेष रसायने, सूक्ष्मजीव, साहित्य, उपकरणे आणि तंत्रज्ञान यांची ही यादी निर्यात-आयात वर्गीकरणाच्या दुसऱ्या अनुसूचीत परिशिष्ट ३ म्हणून छापलेली आहे. तिच्यातील सहावा वर्ग लष्करी सामग्रीचा आहे. तो २०१७ च्या एप्रिलमध्ये भरण्यात आला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये भारत वासेनार व्यवस्थेचा, म्हणजे शस्त्रे आणि दुहेरी वापराच्या वस्तू यांच्या निर्यातीवर नियंत्रण ठेवणाऱ्या देशांच्या गटाचा, सदस्य झाला. या वर्गाचे क्रमांक वासेनारच्या लष्करी यादीशी जुळतात ते यामुळेच. ६ए००१ मध्ये नळीचा व्यास १२.७ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असलेली शस्त्रे आहेत, ६ए००२ मध्ये त्याहून मोठी, ६ए००३ मध्ये दारूगोळा, ६ए००६ मध्ये लष्करी वाहने आणि ६ए०१३ मध्ये चिलखती व संरक्षक साहित्य. सॉफ्टवेअर ६ए०२१ मध्ये आणि तंत्रज्ञान ६ए०२२ मध्ये येते.

पुण्या-कोल्हापूरच्या फोर्जिंग आणि कास्टिंगवाल्यांनी, म्हणजे घडीव आणि ओतीव भाग बनवणाऱ्यांनी, सर्वांत काळजीपूर्वक वाचावा असा क्रमांक म्हणजे ६ए०१६. ठराविक लष्करी वस्तूंसाठी खास बनवलेली, परंतु अजून पुरी न झालेली फोर्जिंग आणि कास्टिंग या क्रमांकाखाली येतात. मी केवळ कच्चा माल पाठवतो, मशीनिंग तिकडे होणार आहे, हा युक्तिवाद त्यामुळे टिकत नाही. कसोटी अशी आहे की धातूची घडण, आकार किंवा कार्य यांवरून ती वस्तू अमुक शस्त्राचा भाग होणार आहे हे ओळखता येते का. टेबलावर दोन तुकडे शेजारी ठेवून पाहावेत. एक साधी गोल सळई आहे, तिच्यापासून काहीही बनू शकते. दुसऱ्याला ब्रीच ब्लॉकची, म्हणजे तोफेच्या नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या ठोकळ्याची, ढोबळ रूपरेषा आलेली आहे, खाचेची जागा दिसते, मशीनिंगसाठी दोन-तीन मिलिमीटर धातू तेवढा राखून ठेवलेला आहे. पहिल्याला परवाना लागणार नाही आणि दुसऱ्याला लागेल, मग दोन्हींचे पोलाद एकाच भट्टीतले का असेना.

इथे एक गैरसमज नेहमी आढळतो. शिपिंग बिलावर, म्हणजे निर्यातीसाठी सीमाशुल्क खात्याला द्यायच्या कागदावर, लिहिला जाणारा एचएस कोड (मालाच्या वर्गीकरणाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) आणि स्कोमेटचा क्रमांक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एचएस कोडच्या ९३ व्या अध्यायात शस्त्रे आणि दारूगोळा आहे, हे खरे. पण रणगाड्यासाठी खास बनवलेला एखादा भाग पंप, झडप किंवा गिअर यांच्या अध्यायात बसत असला तरी स्कोमेटमध्ये सापडू शकतो. उलट बाजारात कुठेही मिळणारा प्रमाणित नट-बोल्ट तोफेला लागला म्हणून लष्करी ठरत नाही. ‘लष्करी वापरासाठी खास रचलेला किंवा बदललेला’ हे शब्द यादीत पुन्हा पुन्हा येतात आणि सारा निर्णय त्यांच्याभोवतीच फिरतो. म्हणून वर्गीकरणाचे काम केवळ कस्टम हाऊस एजंटावर सोपवू नये. भाग कशासाठी बनला हे कारखान्यातल्या डिझाइन पाहणाऱ्या माणसालाच ठाऊक असते. त्याने दोन पानांचे तांत्रिक टिपण लिहून त्यावर सही करावी आणि ते फाईलला लावावे.

ड्रॉइंगकडे तर मालाइतकेच लक्ष द्यावे. परदेशी ग्राहकाकडून आलेल्या ड्रॉइंगच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात नावाचा चौकोन असतो आणि त्याच्या वर किंवा शेजारी बारीक अक्षरांत एक इशारा छापलेला असतो. तो वाचल्याशिवाय फाईल पुढे पाठवू नये. अमेरिकी ग्राहक असेल तर त्या इशाऱ्यात बहुधा आयटारचा, म्हणजे त्या देशाच्या शस्त्रव्यापार नियमांचा, उल्लेख असतो. त्याचा अर्थ असा की ते ड्रॉइंग आपल्याला मिळाले ते अमेरिकी सरकारच्या परवानगीच्या आधाराने, आणि त्या परवानगीत नाव नसलेल्या तिसऱ्या पक्षाला ते देता येत नाही. शेजारच्या गाळ्यात जॉबवर्कला देताना ड्रॉइंगचा फोटो व्हॉट्सअपवर टाकणे ही आपल्याकडची सरसकट सवय आहे. या कामात ती पूर्ण थांबवावी. तसेच, आपणच तयार केलेले लष्करी डिझाइन परदेशी पत्त्यावर ईमेलने पाठवले किंवा सर्व्हरवर उघडून दिले, तर तीही तंत्रज्ञानाची निर्यात ठरते, जरी बंदरावर एकही पेटी गेलेली नसली तरी.

माल सहाव्या वर्गात बसतो असे ठरल्यावर अर्ज संरक्षण मंत्रालयाच्या संरक्षण उत्पादन विभागाकडे जातो. स्कोमेटच्या इतर बहुतेक वर्गांचे परवाने विदेश व्यापार महासंचालनालय देते आणि अणुविषयक शून्य वर्ग अणुऊर्जा विभागाकडे आहे, त्यामुळे दार चुकू नये. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. आयात-निर्यात कोड, खरेदी आदेश, तांत्रिक तपशील आणि अंतिम वापराचे प्रमाणपत्र ही त्यातली मुख्य कागदपत्रे होत. शस्त्रे किंवा त्यांचे भाग बनवण्यासाठीच उत्पादन परवाना लागत असेल तर तो आधीपासून हातात असायला हवा. निर्यातीचा परवाना त्याची जागा घेत नाही. लहान शस्त्रांच्या बाबतीत शस्त्र कायद्याच्या कलम १० खालीही परवाना लागतो. मात्र लहान शस्त्रांच्या सुट्या भागांपुरते गृह मंत्रालयाने आपले अधिकार संरक्षण उत्पादन विभागाला दिलेले असल्यामुळे त्या निर्यातदाराला दोन मंत्रालयांच्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. ही सोय पुऱ्या बंदुकीला किंवा पिस्तुलाला लागू आहे असे गृहीत धरू नये.

अंतिम वापराचे प्रमाणपत्र हा या अर्जाचा प्राण आहे. वस्तू काय आहे यापेक्षा ती शेवटी कोणाच्या हातात जाणार आहे, हे सरकारला जाणून घ्यायचे असते, आणि हे योग्यच आहे. पुण्यात बनलेला भाग कोणत्या माणसांवर रोखलेल्या शस्त्रात बसणार, हा प्रश्न विचारल्याशिवाय असा माल कोणीही देशाबाहेर पाठवू नये. प्रमाणपत्रात खरेदीदार, मधला पक्ष असल्यास तो, आणि अंतिम वापरकर्ता यांची नावे व पत्ते, वस्तूचे वर्णन, संख्या, वापराचा हेतू आणि परवानगीशिवाय माल पुढे न देण्याची हमी असावी. सुटे भाग आणि प्राणघातक नसलेल्या वस्तू यांच्यासाठी या प्रमाणपत्रावर परदेशी सरकारचा सही-शिक्का असण्याची अट आता काढलेली आहे. पुऱ्या शस्त्रप्रणालीची गोष्ट वेगळी.

मी कागदपत्रे पाहत असलेल्या एका लहान कारखान्यात याच ठिकाणी अडचण आली होती. खरेदी आदेश उपकंपनीच्या नावाचा होता, प्रमाणपत्रावर मूळ कंपनीचे नाव होते, आणि आदेशाचा क्रमांक जुन्या आवृत्तीचा राहिला होता. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या, फक्त एकमेकींशी जुळत नव्हत्या. अर्ज शंकेसह परत आला आणि नवे प्रमाणपत्र मिळेपर्यंत कित्येक आठवडे माल रॅकवर तेल लावून ठेवावा लागला. तेव्हापासून मी अर्ज भरण्यापूर्वी खरेदी आदेश, प्रमाणपत्र आणि प्रोफॉर्मा इन्व्हॉइस टेबलावर शेजारी ठेवतो आणि नाव, पत्ता, भागाचा क्रमांक, नग आणि आदेशाची तारीख बोट ठेवून ताडून पाहतो.

अर्ज आल्यावर विभाग गरजेप्रमाणे परराष्ट्र मंत्रालय, सैन्यदले आणि इतरांचे मत घेतो, आणि वेळ मुख्यतः तिथे जातो. तीच वस्तू त्याच ग्राहकाला पुन्हा पाठवायची असेल तर हा सल्लामसलतीचा टप्पा वगळला जातो. तीच वस्तू दुसऱ्या ग्राहकाला जात असेल तर सल्ला परराष्ट्र मंत्रालयापुरता राहतो. म्हणून पहिला अर्ज कितीही कष्टाचा वाटला तरी तो नीट करावा, पुढच्या ऑर्डरींना त्याचा उपयोग होतो. ठराविक देशांना वारंवार सुटे भाग पाठवणाऱ्यांसाठी २०१९ मध्ये खुला सर्वसाधारण निर्यात परवाना सुरू झाला. सुरुवातीच्या यादीत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, जपान, इटली, पोलंड असे तेरा देश होते, आणि स्फोटक द्रव्य नसलेले दारूगोळ्याचे भाग, मारा-नियंत्रण उपकरणे, शरीर संरक्षक साहित्य असा माल त्यात होता. मानवरहित विमाने आणि त्यांचे खास भाग मुद्दाम वगळले होते. या परवान्याखाली प्रत्येक खेपेला वेगळी परवानगी लागत नाही, मात्र केलेल्या व्यवहारांचा अहवाल दर तिमाहीला द्यावा लागतो. देशांची आणि वस्तूंची यादी बदलते, तेव्हा ऑर्डर घेण्याच्या दिवशीची यादी छापून फाईलला लावावी.

स्फोटक द्रव्य असलेला माल असेल तर आणखी एक खाते येते, ते म्हणजे पेसो, अर्थात पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना. तिचे मुख्यालय नागपूरला आहे आणि १८८४ चा स्फोटक कायदा व २००८ चे स्फोटक नियम यांच्याखाली ती काम पाहते.

परवाना हाती आल्यावर तो ओळ न ओळ वाचावा, कारण अटी त्यातच असतात: कोणता माल, किती नग, कोणाला, कोणत्या मुदतीत. शिपिंग बिलात त्याचा क्रमांक भरावा आणि न्हावा शेवा बंदरावर किंवा सहारच्या हवाई मालतळावर पेटी जाण्यापूर्वी एजंटाला परवान्याची प्रत, तांत्रिक टिपण आणि प्रमाणपत्र द्यावे. परवाना शंभर नगांचा असताना पेटीत एकशे दोन भरले, तर त्या दोन जादा नगांना परवाना नाही. खराब निघतील म्हणून दोन वरचे टाकण्याची कारखान्यातली चांगली सवय इथे गुन्ह्याच्या जवळ नेते. नियम मोडल्यास विदेश व्यापार कायद्याखाली किमान दहा हजार रुपयांपासून मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो, आणि आयात-निर्यात कोड स्थगित किंवा रद्द झाला तर मोटारींच्या भागांची नेहमीची निर्यातही बंद पडते. सारी कागदपत्रे, ईमेलसह, पाच वर्षे जपून ठेवावीत.

यादीत नसलेल्या मालाबाबतही डोळे उघडे ठेवावे लागतात. आपली वस्तू सामूहिक संहाराच्या शस्त्रांसाठी किंवा ती वाहून नेणाऱ्या क्षेपणास्त्रांसाठी वापरली जाणार आहे असे कळले, तर ती कोणत्याही यादीत नसली तरी परवानगीशिवाय पाठवता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने शस्त्रबंदी घातलेल्या देशांची नावे प्रत्येक चौकशीच्या वेळी तपासावीत. ग्राहक वापराविषयी बोलायला तयार नाही, पूर्ण रक्कम आगाऊ देतो, बसवणी आणि दुरुस्ती यांची विचारपूस करत नाही, किंवा माल एखाद्या मालवाहतूक कंपनीच्या पत्त्यावर मागतो, तर दर देण्यापूर्वी लेखी खुलासा मागवावा. आणि माल निघाल्यानंतर वाटेतच पेटी दुसऱ्या बंदरावर उतरवा किंवा दुसऱ्या नावाने बिल करा असा निरोप आला, तर ग्राहक कितीही जुना असो, एजंटाला त्याच तासाला फोन करून पेटी थांबवावी आणि विभागाला लेखी कळवावे.